पाझरणं आणि गळणं

एप्रिलातला आठवडी बाजार, आर्वी तालुक्यातल्या वर्धा नदीकाठच्या एका गावचा. कडुलिंबाखाली सोयाबीनचं कुटार पसरलेलं आणि त्यात बुडापर्यंत रुतवून ठेवलेली मडकी. एक बाई गेल्या बाजारी नेलेलं मडकं परत घेऊन आली. पुरावा म्हणून आत अर्धं पाणी तसंच ठेवून, कमरेवर घेऊन आली होती. लुगड्याचा काष्ट्याकडचा भाग ओला झालेला. "हे मडकं गळते ना बाबा, घडवंचीखाली सारा चिखल झाला." म्हातारा कुंभार म्हणाला, "पाझरत असन माय." ती म्हणाली, "पाझरो का गळो, पानी त खालीच जाते ना." त्यावर तो काही बोलला नाही. पाण्यासकट ते मडकं त्यानं झाडाच्या बुंध्याशी एका चुंबळीवर टेकवलं आणि तिला दुसरं निवडायला सांगितलं. तिनं त्याच्या हातचं घेतलं नाही. व्यापाऱ्याकडून आणून विकायला ठेवलेलं, बाहेरून तेलरंगात वेलबुट्टी काढलेलं, तोटी बसवलेलं एक मडकं तिनं उचललं, वरचे पैसे दिले आणि गेली. परत आलेलं मडकं उलटून कुणीच पाहिलं नाही. ना तिनं, ना त्यानं, ना बाजूला उभ्या असलेल्या माझ्यासारख्यांनी.

पाझरो का गळो. ते तीन शब्द बाजारभर कानात राहिले.

कारण मातीच्या भांड्यात या दोन क्रियापदांमध्ये सगळंच येतं. पाझरणारं मडकं अंगभर सारखं ओलावतं. भरल्यावर तास-दोन तासांत बुडाकडून गडद पट्टा चढू लागतो, पोटावरून खांद्यापर्यंत येतो, आणि तळहात ठेवला तर ओल लागते पण थेंब लागत नाही. गळणाऱ्या मडक्यावर ओलीची रेघ असते. केसाएवढी चीर, तिच्यावर एकामागून एक मणी धरल्यासारखे थेंब, आणि बाकीचं अंग बऱ्याचदा कोरडं. पहिलं हे मडक्याचं काम आहे, दुसरा दोष आहे. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडताना साधारण २४०० ज्यूल उष्णता सोबत नेतं. दहा लिटरच्या मडक्याच्या अंगावरून फुलपात्रभर, म्हणजे १०० मिलिलिटर पाणी उडालं आणि बाहेरची उष्णता आत आलीच नाही असं धरलं, तर उरलेलं पाणी साडेपाच-सहा अंशांनी उतरतं. प्रत्यक्षात उष्णता आत येत राहते, म्हणून मडकं दिवसभर उडवत राहतं. ज्यांनी विदर्भातला मे महिना कूलरसमोर काढलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको; वाळ्याच्या ओल्या टट्टीतून येणारा वारा आणि मडक्याचं गार पाणी यांचं कारण एकच. मृग बरसला, हवा दमट झाली की दोन्ही एकदमच निकामी होतात. हवेनं पाणी उचललंच नाही तर मडकं नुसतं ओलं राहतं, आणि तेव्हा त्याच्याखाली खरंच चिखल होतो.

ही पाझरण्याची सोय मातीत आपोआप नसते. आपल्याकडची काळी माती कपाशीला कितीही चांगली असली तरी नुसती घेऊन मडकं होत नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आवळते. उन्हाळ्यात वावरात ज्या भेगांमध्ये हात जातो, त्याच भेगा मडक्याच्या पोटावर उठतात. ओल्या मातीची पट्टी थापून तिच्यावर बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ ओढावी आणि सावलीत पूर्ण वाळू द्यावी. रेघ साडेनऊपर्यंत आली तर माती चालेल, नऊच्याही आत गेली तर भांडं तडकणार. हाताचीही एक परीक्षा आहे. बोटाएवढी वळी करून ती बोटाभोवती गुंडाळायची. वळी भेगाळली तर माती रोड, तळहाताला चिकटून सुटेचना तर माती फार चिकण. म्हणून कुंभार नाल्याच्या काठची, नाहीतर तळ्यातल्या गाळाची माती शोधतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, आणि बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी, आटल्या की तो गाळ मिळतो. वरचा मुळ्या-शिंपल्यांचा थर फेकून खालचा घ्यायचा, वाळवून कुटायचा, चाळायचा, दोन दिवस खड्ड्यात भिजू द्यायचा. मग त्यात बारीक रेती आणि लीद. चार पाट्या मातीला एक पाटी असा ढोबळ अंदाज असला तरी प्रत्येक गाळाचा हिशेब निराळा, आणि तो तुडवताना पायाच्या तळव्यालाच कळतो. रेती आवळणं कमी करते. लिदीचं काम पुढे, आगीत. तिच्यातले गवताचे बारीक तुकडे भाजताना जळून जातात आणि त्यांच्या जागी भिंतीत तेवढ्याच बारीक पोकळ्या राहतात. मडक्यातलं पाणी ज्या वाटेनं बाहेर येतं, ती वाट गाढवानं चरलेल्या गवतानं पाडलेली असते. पाणी पिताना हे आठवलं की मला मडक्याबद्दल एक वेगळीच माया वाटते.

काळ्या मातीची दुसरी खोड म्हणजे चुनखडी. ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा खडा चाळणीतून निसटला तर भट्टीत त्याचा चुना होतो. मडकं चांगलं भाजून निघतं, वाजवलं तर खणखणतं, घरी जातं. आठ-दहा दिवसांत हवेतली ओल त्या चुन्याला लागते, तो फुगतो आणि वरचा टवका उडवून देतो. टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. यातली गंमत अशी की जुन्या उघड्या आव्यात, म्हणजे खड्ड्यात गोवऱ्या रचून केलेल्या भाजणीत, हे कमी व्हायचं. चुनखडीचा चुना व्हायला आठशे अंशांच्या आसपास ताप लागतो आणि आव्यातल्या बऱ्याच मडक्यांना तेवढा मिळतच नाही. सुधारित भट्टी आणली, आच नऊशेवर नेली, आणि 'माती तीच, हात तोच, तरी टवके का उडतात' असा प्रश्न पडला, तर उत्तर इथे आहे. उपाय दोनच: माती अगदी बारीक चाळायची, नाहीतर भट्टीतून काढलेली कोमट मडकी पाण्यात बुडवून काढायची, म्हणजे चुना फुगण्याआधीच विरतो.

चाकावर मडकं पूर्ण होत नाही, हे अजूनही अनेकांना माहीत नसतं. चाकावर होतं ते तोंड, गळा आणि जाड खांदा. दोऱ्यानं कापून काढलेल्या त्या ऐवजाला बूड नसतं, भिंत दीड-दोन सेंटिमीटर जाड असते. अर्धा दिवस सावलीत ठेवून तो चामड्यासारखा झाला की खरं काम सुरू होतं. आतून डाव्या हातात गुळगुळीत गोटा, बाहेरून उजव्या हातात लाकडी थापटणं, मधे मधे राखेची चिमूट, चिकटू नये म्हणून. दोन्ही हात एकमेकांना दिसत नाहीत. भिंतीच्या अलीकडून-पलीकडून ते एकमेकांना शोधत फिरतात. एका दमात होत नाही. थापटायचं, वाळू द्यायचं, पुन्हा थापटायचं. तीन वेळा फिरल्यावर भिंत चार-पाच मिलिमीटरवर येते, पोट दुप्पट फुगतं आणि उघडं बूड हळूहळू मिटत जातं. मिटण्याची ही जागा सगळ्यात नाजूक. तिथली माती बाकीच्यापेक्षा थोडी जास्त वाळलेली असली की कडा एकजीव होत नाहीत. वरून ते कळत नाही. गेरूचं पातळ पाणी फिरवलं, घोटलं, की बूड इतर अंगासारखंच दिसतं.

गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कच्चं मडकं ओळखलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती ऐकताना एक गोष्ट सुटते. थापटणं हे भाजलेल्या मडक्याचं हत्यारच नाही. भाजल्यावर त्याचा एक फटका बसला तर खापऱ्या होतील. पक्क्या मडक्याला बोटाच्या पेरानं टिचकी पुरते. अखंड असेल तर आवाज लांबतो, चीर असेल तर तिथल्या तिथे मरतो. थापटणं चालतं ते कच्च्यावरच, आणि तेही घडवण्यासाठी. मला ती गोष्ट त्यामुळे परीक्षेची वाटत नाही. ज्याला थापटणं लागतं त्याचं अजून काही व्हायचं आहे, एवढंच तो कुंभार सांगत असावा.

आवा रचायचा तोही हातानंच. उथळ खड्डा, तळाशी गोवऱ्या, त्यावर मोठी मडकी पालथी, फटींत पुन्हा गोवऱ्या, वर लहान ऐवज, पणत्या, झाकण्या. वऱ्हाडाकडे पऱ्हाटी आणि तुराट्या, धानाच्या पट्ट्यात तनस. पऱ्हाटीची ज्वाळा झटकन उठते आणि विझते. निखारा धरून ठेवतात त्या गोवऱ्या. सगळ्यावर खापऱ्यांचं पांघरूण, त्यावर गवत, राख आणि मातीचा लेप, धुराला भोकं. पहिले दोन-तीन तास आच मंदच हवी. भिंतीत उरलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली तर मडकं आतल्या आत फुटतं, आणि तो फट् असा आवाज आव्याशी बसलेल्या माणसाला बाहेर ऐकू येतो. साडेचारशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांतलं बांधलेलं पाणीही निघून जातं. तिथून मागे फिरणं नाही. त्याआधी पाण्यात टाकलं असतं तर मडक्याचा पुन्हा चिखल झाला असता. त्यानंतर ते कधीच चिखल होत नाही. पुढे सात-आठशेपर्यंत कण कडेकडेनं एकमेकांना चिकटतात, मधल्या फटी तशाच ठेवून. हवा खेळती राहिली तर मातीतलं लोह तांबडं होतं. शेवटी ओला पाला टाकून भोकं लिंपली तर धूर भिंतीत मुरून मडकं काळं होतं. आवा उघडायची घाई दुसऱ्या दिवशीही करायची नाही. ५७३ अंशांवर रेतीतल्या गारगोटीचे कण आकार बदलतात. वर चढताना फुगतात, खाली उतरताना आकसतात. त्या टप्प्यावर गार वारा लागला की भिंतीत केसाएवढी चीर पडते. कुंभार याला हवा लागली म्हणतो. माणसाला लागते तशीच.

हीच माती अकराशेच्या पुढे नेली तर ती फुगते, वाकते, बसते. आपल्या मातीला पूर्ण बंद होणं जमत नाही. त्यासाठी दुसरी माती लागते आणि बाराशे-तेराशे अंशांची भट्टी. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभ्या केलेल्या ग्रामोदय संघानं खेड्यातल्या कुंभारकामाला सिरॅमिकच्या या दुसऱ्या जगाशी जोडलं. काचेसारखा लेप चढलेली बरणी ही वेगळीच वस्तू आहे. लोणचं तिच्यात वर्षभर राहतं ते ती काहीही आत-बाहेर जाऊ देत नाही म्हणून. बरणीचं मोल बंद असण्यात, मडक्याचं मोल उघडं असण्यात, आणि दोन्हींना आपापली जागा आहे. तेलरंग फासलेलं मडकं मात्र मला पटत नाही. आत माती तशीच पाणी पिते, बाहेर रंगानं वाट अडवलेली. पाणी उडत नाही, म्हणून गारही होत नाही. काही दिवसांनी आतली ओल रंगाला फोड आणते, पापुद्रे सुटतात. गेरूचा हात वेगळा. तीही मातीच आहे, भिंतीसोबत भाजली जाते आणि श्वास बंद करत नाही.

बिनरंगाचं मडकंही फार तर दोन उन्हाळे काम देतं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात तर एका हंगामातच मडक्यावर पांढरी बुरशी चढल्यासारखी दिसते. ते मीठ आहे. बाहेरच्या फटींत त्याचे खडे होतात, वाट बुजते आणि कधी कधी ते भिंतीचे पापुद्रेच सोडवतं. साबण लावून घासू नये, साबण फटीत बसतो आणि पाण्याला वास सुटतो. नारळाच्या शेंडीनं, नुसत्या पाण्यानं घासावं. नवं मडकं आणलं की एक रात्र भरून ठेवावं आणि पहिली दोन पाणी झाडाला घालावीत. 'जुनं मडकं गार करत नाही' हे खरं आहे, ते म्हातारपणामुळे नाही, बुजण्यामुळे.

निकामी झालेल्या मातीचाही इथे मान राहिला आहे. १८७६ साली शेंडगावात जन्मलेल्या डेबूजी जानोरकरांनी हातात गाडगं घेतलं आणि तेच त्यांचं नाव झालं. ताट, वाटी, शिरस्त्राण, सगळं एका खापरात. दुसरीकडे नागपूरजवळ माहुरझरी, जुनापाणी, नायकुंडला दगडांची मोठी वर्तुळं आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. मेलेल्या माणसाशेजारी लोखंडाची हत्यारं ठेवलेली आणि भांडी ठेवलेली: आत काळे, काठाला काळे, खाली तांबडे असे वाडगे, पालथे भाजल्यामुळे आत हवा न पोचता काळे राहिलेले. सोबत अभ्रकाचा चुरा मिसळलेली तांबडी मडकी. अभ्रकाचे पापुद्रे भिंतीला समांतर बसतात, उन्हात धरलं की खापरी अजून चमकते. ज्यानं तो चुरा मळला त्यालाही किती घालायचा हे तळव्यानंच कळत असणार. लोखंड गंजून भुगा झालं. खापरी तशीच आहे.

मडक्याचं बूड गोल का, हा प्रश्न सपाट ओट्यांनी उभा केला. चुलीच्या तीन दगडांवर, डोक्यावरच्या चुंबळीवर, घडवंचीच्या भोकात, ओल्या रेतीत ते बसायचंच. गोल भांड्याला कोपरा नसतो, म्हणून ताप एका जागी साठत नाही. नागपूरकडची लंबी रोटी करताना मडकं पालथं चुलीवर चढतं, आतून आग, आणि सैल कणीक कोपरांपर्यंत ताणून वरून सोडली जाते. ते बूड एका बाजूनं निखाऱ्याचं, एका बाजूनं ओल्या कणकेचं, दिवसातून शंभरदा. त्या मडक्यात रेती जास्त आणि भरड घालावी लागते. पाण्याचं मडकं तिथे चढवलं तर दुसऱ्या-तिसऱ्या रोटीलाच उकलतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

आणि काही मडकी गळण्यासाठीच असतात. खांद्यावरचं ते मडकं, तीन फेरे, प्रत्येक फेऱ्याला दगडानं पाडलेलं एक छिद्र आणि पाठीवरून उतरणारी पाण्याची धार. अक्षय तृतीयेला पितरांसाठी भरलेली करा-केळीची जोडी त्याच आव्यातली, तीही भरून ठेवायची. तिचं पाणी कुठे जातं हे कुणी विचारत नाही. बऱ्याच घरांत पिण्याचं नवं मडकं त्याच दिवशी घडवंचीवर चढतं. एकाच हातचं, एकाच आचेतलं मडकं जिवंत माणसाचं पाणी गार करतं आणि गेलेल्याचं पाणी सांडतं. कुंभार दोन्ही एकाच पाटीतून विकतो. मला वाटतं म्हणूनच तो त्या बाईशी वाद घालत बसला नसावा.

संध्याकाळी बाजार उठायला लागला तेव्हा बुंध्याशी ठेवलेलं मडकं खांद्यापर्यंत गडद झालं होतं. सगळीकडून सारखं. हात लावला तर गार; दिवसभराच्या उन्हानंतर तो गारवा मनगटापर्यंत चढला. कुंभाराचं म्हणणं खरं होतं. मग त्यानं पाणी लिंबाच्या मुळाशी ओतलं, मडकं मांडीवर पालथं घेतलं आणि बुडावरून अंगठा फिरवला. बूड मिटवतात त्याच जागी दोन बोटं लांबीची एक रेघ होती. तिच्या टोकाशी थेंब धरला होता. अंगठ्यानं पुसला, पुन्हा आला. चुंबळ भिजून जड झाली होती.

बाईचंही खरं होतं.

तो त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिला. पिशवीतून एक खिळा काढला, रेघेच्या टोकावर टेकवला, दोन थेंब पाणी सोडलं आणि फिरवायला लागला. ठोकायचा नाही, ठोकला तर रेघ पुढे पळते. दोन बोटांत धरून नुसता फिरवायचा, मधे मधे पाणी घालत. लाल गाळ खिळ्याभोवती जमत गेला. "महादेवाच्या पिंडीवर गळती बांधाले लागते," तो म्हणाला. "वैशाखात मांगाले येतेच कोनी ना कोनी." छिद्र आरपार गेल्यावर त्यानं फुंकर मारली, बाजारातल्या कापसाची एक वात वळून त्यात ओवली, मडकं सरळ केलं आणि आत तांब्याभर पाणी घातलं. वात भिजली. थेंब आला, थांबला, सुटला. त्यानं पुढचे चार-पाच थेंब मोजल्यासारखे पाहिले, वात जरा वर ओढली, आणि पुन्हा पाहू लागला.